हाय म्हणजे आहे

भात कापणीला आलं की मला शब्दकोशांचा राग येतो. निवृत्त मराठी शिक्षिकेच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, हे कळतं मला. पण दरवर्षी दसरा उलटतो, पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून पिवळी पडलेली शेतं दिसायला लागतात, पिकल्या भाताचा कोरडा, किंचित धुळकट वास डब्यात शिरतो आणि तो राग वर येतो. बाकीची माणसं त्या वासानं सुखावतात. परवा समोर बसलेली बाई म्हणाली, "यंदा बरं पिकलंय." मी मान हलवली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिला काय सांगणार? या वासाबरोबर मला मी कधी न पाहिलेलं एक टेबल दिसतं, त्यावर टाइप केलेले कागद दिसतात आणि त्या कागदांसमोर हाताची घडी घालून बसलेला माझा भाऊ दिसतो.

भाऊ म्हणजे दत्तादादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव कासू स्टेशनपासून अर्ध्या तासाच्या चालीवर. पावसाळ्यात भात, भात निघालं की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल, आणि मग उन्हाळाभर पावसाची वाट. दादा शेतीही करायचा आणि रोह्याजवळ धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून नोकरीही. त्या नोकरीत त्याचं जे वाईट झालं ते एका शब्दामुळे झालं. शब्दही केवढा, दोन अक्षरांचा. हाय.

आमच्या गावात हाय म्हणजे आहे. डब्यात मीठ हाय. म्हातारा शेतावर हाय. गाय गाभण हाय. कुणी दारात उभं राहून "हाय का घरात?" विचारलं की आतून "हाय हाय, या" असं उत्तर यायचं. हा शब्द मी आईच्या दुधाबरोबर घेतला असणार, कारण तो मी कधी शिकल्याचं मला आठवत नाही. तो सोडल्याचं मात्र लख्ख आठवतं. पाचवीत मला पेणच्या शाळेत घातलं. तेव्हा आमच्याकडे रेल्वे नव्हती, एसटीनं जायचं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं आणि मी म्हणाले, "हाय." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि 'आहे' हा शब्द वीस वेळा लिहायला लावला. बाई वाईट नव्हत्या, त्यांना माझं भलंच करायचं होतं. विसावा 'आहे' लिहून जागेवर जाताना मला वाटलं, मी आता कुठल्यातरी उंच ठिकाणी पोचले.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "आई, भूक लागली आहे." दादा ओटीवर दोरखंड वळत बसला होता. तो हसून आत ओरडला, "आये, आपल्याकडं पेनची आहेबाय आलीय. तिला वाढ."

ते नाव मला कितीतरी वर्षं चिकटलं होतं. मी चिडायचे. मग मराठी घेऊन बी. ए. झाले, बी. एड. झाले, त्याच पेणमध्ये एका शाळेत शिकवायला लागले आणि वह्यांमधल्या प्रत्येक 'हाय'भोवती लाल गोल काढायला लागले. किती काढले असतील, देव जाणे.

तर त्या वर्षाची गोष्ट. दादाच्या कंपनीत जपानहून नवी यंत्रं आली होती आणि ती चालू करून द्यायला एक जपानी साहेब आले होते. मोरी त्यांचं नाव. साठीकडे झुकलेले, ठेंगणे, खिशात कायम लहानशी वही. दादाला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. दादाला जपानी येत नव्हतं, मोरींना मराठी येत नव्हतं, इंग्रजी दोघांनाही बेताचंच. पण त्या दोघांचं जमलं. दादा सुट्टीच्या दिवशी खळं सारवता सारवता सांगायचा, "अगो, तो मानूस आपल्यासारकाच बोलतो. काय पन सांगा, तो म्हनतो हाय. व्हॉल्व बंद केला? हाय. जेवलात? हाय. मला वाटतं त्यांचा कोनी पूर्वज आपल्या गावचा असंल."

मी लगेच मास्तरकी सुरू केली. त्याला सांगितलं, जपानीत हाय म्हणजे हो. आणि नुसतं हो नाही, 'तुझं ऐकलं बरं का' एवढाच त्याचा अर्थ कधी कधी असतो. दादानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग आपलं पन तसंच की. आये हाक मारती तवा आपन हाय बोलतो. म्हंजे हितं हाय, ऐकतोय." त्याला व्याकरण शिकवायला गेले की तो मला असा काहीतरी उलटा धडा द्यायचा.

कंपनीत आणखी एक हाय होता. इंग्रजीतला, उंच किंवा जास्त या अर्थाचा. यंत्रावरच्या काट्यांकडे बघून ऑपरेटरनं इंटरकॉमवरून वरच्या कंट्रोल रूमला सांगायचं, प्रेशर लो, प्रेशर नॉर्मल, प्रेशर हाय. दादा आणि त्याचे सोबती त्यावर विनोद करायचे. "टेंपरेचर हाय हाय," असं म्हणायचे. पहिला हाय इंग्रजीतला, दुसरा आपला.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सकाळची पहिली शिफ्ट होती. एका मोठ्या बंद भांड्यात माल शिजत होता. त्या भांड्याला बाहेरून गार पाण्याचा वेढा असतो. पाणी कमी पडलं तर आतला माल तापतो. पाणी किती वाहतंय ते दाखवणारा वरचा काटा त्या दिवशी दुरुस्तीला काढला होता, म्हणून कंट्रोल रूममधले तरुण शिफ्ट इंजिनिअर इंटरकॉमवरून विचारत होते. ते पुण्याचे, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, "दत्ता, कूलिंग वॉटर?"

दादानं पाइपाला हात लावला. पाणी येत होतं. तो म्हणाला, "हाय."

पाणी आहे. एवढंच त्याला सांगायचं होतं. वरच्या साहेबांनी ऐकलं, पाणी जास्त आहे. त्यांनी वरूनच पाणी कमी केलं. थोड्या वेळानं भांडं तापलं. वाफ कोंडून फुटू नये म्हणून भांड्याला एक पातळ पत्रा बसवलेला असतो, तो फाटला आणि उकळता माल बाहेर उडाला. दादाच्या शेजारी तुळशीराम काम करत होता. रोह्याजवळचा, शांत माणूस. त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मोरींनी आणि दादानं त्याला ओढून पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं. दादाचे तळवेही पोळले, पण ते त्याला संध्याकाळी घरी आल्यावर, वहिनीनं भाकरी हातात दिली तेव्हा कळलं.

जीव कुणाचा गेला नाही. कंपनीचा माल मात्र गेला, आणि गेलेल्या मालाला कुणीतरी जबाबदार लागतो. आठवड्याभरात दादाला कामावरून तात्पुरतं कमी केल्याचं पत्र आलं आणि चौकशी बसली.

चौकशी करायला मुंबईहून एक वकील आले होते. गोरे, नीटनेटके, शुद्ध मराठी बोलणारे. प्रश्न मराठीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत टाइप करून घ्यायचे. पहिल्या दिवशी काय झालं ते दादानं घरी येऊन सांगितलं आणि पुढे त्या कागदांच्या प्रतीही मिळाल्या, म्हणून मला ते जवळजवळ पाठ आहे.

"तुम्ही इंटरकॉमवर हाय म्हणालात?"

"व्हय. बोललो."

"साहेबांनी पाण्याबद्दल विचारलं, तेव्हाच?"

"व्हय."

"हाय म्हणजे जास्त, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय की. धा वरसं काम करतोय."

बस. कागदावर उमटलं, ऑपरेटरनं पाणी 'हाय' असल्याचं सांगितल्याचं कबूल केलं, त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असल्याचंही कबूल केलं. दादानं खाली सही केली. तो म्हणाला, "जे बोललो त्येच लिवलंय, मंग सही कराया काय झालं?"

दवाखान्यात तुळशीरामचा जबाब घेतला. तो बिचारा दादाला वाचवायच्या भरात म्हणाला, "माझ्या समोरच दत्ता बोलला, पानी हाय. मी ऐकलं." टाइपरायटरवर ते झालं, वॉटर हाय. म्हणजे दादाच्या बाजूचा साक्षीदार दादाच्या विरुद्ध गेला, एक अक्षर खोटं न बोलता.

इथे माझी चिडचिड सुरू होते आणि आजही ती संपत नाही. कुणी खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं. खोटं उघडं पाडता येतं. इथे सगळे खरं बोलत होते आणि प्रत्येक खऱ्या शब्दानिशी माझा भाऊ आणखी खोल जात होता.

ते दिवस कापणीचे. दादा घरीच असल्यामुळे तो दिवसभर शेतात असायचा. पोळलेल्या तळव्यांना फडकी बांधून विळा चालवायचा. वहिनी त्याच्या मागून भारे बांधायची. मी शाळेच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन गावी यायचे, पण तपासायला बसले की अक्षरं दिसायची नाहीत. एका दुपारी वहिनी पाणी प्यायला ओटीवर आली. ती कधी जास्त बोलायची नाही. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "ताई, तुमी एवढ्या शिकलेल्या. एका शबुदाचा अर्थ काय ते तुमाला नाय सांगता येनार तर कोनाला?"

मला ते लागलं. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्वही वाटला. हे माझ्या शेतातलं काम होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पेणच्या वाचनालयात ठाण मांडलं. जेवढे कोश मिळाले तेवढे काढले. एका कोशात 'हाय' या शब्दापुढे फक्त दुःखाचा उद्गार. हाय हाय करणं, हाय खाणं. दुसऱ्यात कुठेतरी कोपऱ्यात, 'आहे'चं ग्राम्य रूप. ग्राम्य. माझ्या आईच्या तोंडचा, माझ्या भावाच्या तोंडचा, अर्ध्या कोकणाच्या तोंडचा शब्द कोपऱ्यात उभा केलेला, जसं बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं होतं. मी मग मागे मागे गेले. 'आहे' आला कुठून यावर विद्वानांचंच एकमत नाही. कुणी एका संस्कृत धातूकडे बोट दाखवतो, कुणी दुसऱ्याकडे. हिंदीतलं 'है' आमच्या हायचं सख्खं नसलं तरी चुलत भावंड आहेच. दुःखाचा हाय संस्कृतातल्या 'हा' या विलापातून आलेला, त्याचा आमच्या हायशी काही संबंध नाही. इंग्रजीतला उंचीचा हाय वेगळ्याच खानदानातला. भेटल्यावर म्हणायचा इंग्रजी हाय आणखी निराळा, तो मुळात कुणाचं लक्ष वेधायला मारलेली हाक. अरबीत 'हय्य' म्हणजे जिवंत, त्याच्याच घराण्यातून आपल्याकडे हयात हा शब्द आला. आणि जपानीतला होकार. वेगवेगळ्या डोंगरांतून निघालेले ओहोळ एकाच आवाजाच्या खाडीत येऊन मिळाले होते आणि माझा भाऊ त्या खाडीच्या मधोमध उभा होता.

आता सांगते ते लिहिताना लाज वाटते. त्या आठवड्यात मला मजा येत होती. भावाची नोकरी टांगणीला लागलेली आणि मी वाचनालयात बसून धातू शोधत होते, नवा दुवा सापडला की मनातल्या मनात खूश होत होते. मी सहा पानी निवेदन लिहिलं. स्वच्छ, शुद्ध मराठीत. त्यात व्युत्पत्ती होती, उदाहरणं होती, बोलीभाषेच्या अभ्यासाचं महत्त्व होतं. 'इंटरकॉमवर विचारणा झाली असता मी पाणी आहे असे उत्तर दिले' हे वाक्य होतं. खाली दादाची सही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्याला शिकवायला बसले. म्हटलं, "दादा, पुढच्या तारखेला हाय म्हणू नको. त्यांना तो इंग्रजीच वाटणार. तू म्हण, मी आहे असं म्हणालो."

"पन मी हाय बोललो व्हतो."

"अर्थ तोच आहे ना?"

"अर्थ तोच हाय."

"मग आहे म्हण."

तो भाऱ्यावर बसून पुटपुटायचा, मी आहे म्हणालो, मी आहे म्हणालो. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, तळव्यांना फडकी, केसांत भाताचा भुसा, आणि समोर त्याची धाकटी बहीण त्याचे उच्चार तपासत बसलेली. वहिनी खळ्यावर भात झोडत होती. तिनं एकदा हात थांबवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झोडायला लागली. मी त्याला वीस वेळा तरी म्हणायला लावलं असेल.

दुसऱ्या तारखेला मी रोह्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले. आत मला जाता येत नव्हतं. त्याच्या बाजूनं एक कामगार प्रतिनिधी बसायचा, त्यानं नंतर सांगितलं ते असं. वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नेमका कोणता शब्द वापरलात?" दादा उभा राहिला. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसा. म्हणाला, "मी आहे असे म्हणालो."

वकिलांनी मागचे कागद उलटले. "मागच्या तारखेला तुम्ही सांगितलंत की हाय म्हणालात. साक्षीदारही तेच सांगतो. आता तुम्ही म्हणता, आहे म्हणालात. यातलं खरं काय?"

प्रतिनिधी म्हणाला, दादाच्या कपाळावर घाम आला होता. मग तो म्हणाला, "दोनी खरं हाय."

"म्हणजे पुन्हा हाय."

तिथे कुणीतरी हसलं म्हणे. कागदावर उमटलं, ऑपरेटरनं आपला जबाब बदलला, त्याची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही. माझी सहा पानं फाइलला लावली आणि त्यावर शेरा पडला, विषयाशी संबंध नाही.

संध्याकाळी रोह्याच्या एसटी स्टँडवर आम्ही बसची वाट बघत होतो. धाटावहून सुटलेल्या शिफ्टची गर्दी आली आणि त्या गर्दीत दादानं मला ते तरुण इंजिनिअर दाखवले. तेही दादाला बघून जवळ आले. मला वाटलं होतं, हा माणूस मग्रूर असेल. तो नुसता दमलेला, घाबरलेला मुलगा होता.

"ताई, मी खोटं बोललो नाही हो," ते म्हणाले. "मला खरंच हाय ऐकू आलं."

"तेच तर तो म्हणाला होता," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"त्याच्या भाषेत त्याचा अर्थ आहे असा होतो. तुम्ही इथे वर्षभर काम करताय. एकदाही ऐकला नाहीत?"

ते विचारात पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "ऐकला असेन. पण इंटरकॉमवर मी फक्त आकडे आणि हाय-लो ऐकतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "आता मी काय करू? मीच चूक ऐकलं असं लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल. तुळशीरामच्या हाताचं सगळं माझ्यावर येईल."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. पण दादा मध्येच म्हणाला, "जाऊ दे गो. त्यांचं पन घर हाय." आणि तो येऊन लागलेल्या बसकडे चालायला लागला. त्या क्षणी मला त्या इंजिनिअरपेक्षा दादाचा जास्त राग आला.

एक माणूस मात्र उरला होता. मोरी. ते त्या दिवशी दादाच्या शेजारी उभे होते. काम संपवून मायदेशी जायच्या आधी त्यांनी आपल्या वहीतली नोंद काढून स्वतःहून जबाब दिला. त्यांच्या नोंदीत होतं, वरून पाण्याबद्दल विचारलं, ऑपरेटरनं पाइपाला हात लावला आणि हो म्हणाला. हो. आमच्या बोलीचा एक शब्दही न येणाऱ्या, हजारो मैलांवरून आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला दादाचं बोलणं बरोबर कळलं होतं. चुकीच्या भाषेतून का होईना, अर्थाच्या सगळ्यात जवळ तोच पोचला होता.

हे ऐकलं तेव्हा मी वहिनीला मिठी मारली. आता सुटला, असं मला वाटलं.

महिन्याभरानं, भात कणगीत पडून शेतात वाल उगवून आले तेव्हा निकाल आला. मोरींच्या जबाबाबद्दल त्यात एक ओळ होती. ऑपरेटरला जपानी भाषा अवगत असल्याचं दिसत नाही, त्यामुळे सदर साक्षीदाराचा समज ग्राह्य धरता येत नाही. मी ती ओळ कितीदा वाचली, सांगता येणार नाही. त्या ओळीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

दादाची नोकरी गेली नाही. त्याचं ऑपरेटरचं काम काढून घेतलं आणि त्याला गोदामात टाकलं. ज्या यंत्रांचा आवाज ऐकून तो बिघाड ओळखायचा ती यंत्रं आता त्याच्यासाठी भिंतीपलीकडे गेली. गोदामात इंटरकॉम नव्हता. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच ड्रम मांडत राहिला. आमच्या गावात म्हणायचे, दत्तानं हाय खाल्ली. म्हणजे धसका घेतला, खचला. हा आणखी एक अर्थ. मला ते ऐकवायचं नाही, कारण ते खरं नव्हतं. तो खचला नाही. तुळशीरामच्या घरी तो दर महिन्याला जायचा, त्याच्या मुलीच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत राबला, वालाचं पीक गावात पहिलं त्याचंच निघायचं. फक्त त्याचं बोलणं बदललं. कुणी काही विचारलं की तो आधी थांबायचा. "दादा, चहा आहे का रे?" असं मी विचारलं तरी एक क्षण थांबायचा आणि मग किटलीचं झाकण उघडून दाखवायचा.

मी शाळेत परतले. लाल गोल काढणं थांबवलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण परीक्षा बोर्डाच्या, गुण बोर्डाचे. 'हाय' लिहिणाऱ्या पोरांचे गुण मी नाही कापले तर पुढे कुणीतरी कापणारच होतं. मी गोल काढत राहिले, फक्त पूर्वीसारखं बरं वाटायचं नाही. शिक्षकांच्या सभेत एकदा मी बोलीचा विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या, बोली हे आपलं वैभव आहे असं दोघं-तिघं बोलले, आणि पुढचा विषय स्वच्छतागृहाचा होता. या सगळ्याची मला चीड येते, आणि चीड कुणावर काढायची ते कळत नाही, म्हणून ती कोशांवर निघते. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? त्यांच्यात जे नव्हतं ते भावाच्या तोंडात होतं, आणि तेच मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. परवा त्याच गाडीनं गावी गेले. आता कापणीला यंत्र येतं, पण बांधाकडेच्या चिंचोळ्या तुकड्यात ते शिरत नाही म्हणून दादा तेवढं विळ्यानं कापतो. तो घाम पुसायला बांधावर आला. मी त्याच्या शेजारी बसले आणि तयारी न करता, वाक्य न जुळवता बोलून टाकलं. "दादा, तेव्हा मी तुला आहे म्हणायला शिकवलं नसतं तर तू सुटला असतास."

त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला.

"नसतो सुटलो," तो म्हणाला. "त्यांनी ठरवलं व्हतं."

"मग तू माझ्यावर रागावला नाहीस?"

"रागावलो व्हतो की." हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. विळ्याच्या पात्याला चिकटलेला काडीकचरा तो अंगठ्यानं काढत होता. "तू लिवलंस त्यात चूक काय नव्हती गो. पन ते माझं बोलनं नव्हतं. हाय बोललो आनि हरलो असतो, तर खरं बोलून हरलो असतो. मंग कायबी वाटलं नसतं. तुझं ऐकलं आनि भर सभेत खोटा ठरलो. तुळशीरामच्या पोरानं पन मला येकदा इचारलं, काका, तुमी बोलनं का फिरवलंत?"

मला काहीतरी म्हणायचं होतं. आपण त्या कंपनीत जाऊ, जुनी फाइल काढू, त्यावर खरं काय ते लिहून घेऊ, असं काहीतरी मी म्हणालेही. त्यानं ऐकून घेतलं. ती कंपनी दोनदा विकली गेली, तिचं नावसुद्धा बदललं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"आता कोनाला सांगायचं," तो म्हणाला. मग उठला, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि उरलेलं भात कापायला खाली उतरला. मी चपला काढून ठेवल्या, त्याच्या मागून जायचं म्हणून. पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि मी तशीच अनवाणी बांधावर उभी राहिले.